गोदूबाईने पाळलेली बंदी

गोदूबाई प्रेमळ होती असं बंदरपाड्यात कोणी म्हणणार नाही, आणि कोणी म्हटलंच तर ऐकणारा हसेल. तारापूरच्या किनाऱ्याला लागून असलेली ही मांगेला मच्छीमारांची वाडी. घरं शंभराच्या आतबाहेर, आणि त्यातल्या निम्म्या घरांशी तिचं कधी ना कधी वाजलेलं. ती माहीमहून लग्न होऊन आली. मुलगा मारुती रांगता असतानाच नवरा तापाने गेला. दीर रामा याने आपल्याशी पाट लावायचं सुचवलं, तेव्हा तिने त्याला असं काही सुनावलं की पुढे कितीतरी दिवस तो तिच्या ओसरीसमोरून जायचं टाळत असे. तरी बोंबलाचा हंगाम आला की पाड्यातल्या बायका तिच्याच अंगणात येऊन बसत. सुक्या मालाचा सौदा करायचा तर तो गोदूबाईनेच, हे ठरून गेलं होतं. तिने माल चांगला म्हटला की व्यापारी पोतं फोडून बघत नसे.

बोंबील सुकवणं दिसायला सोपं आहे. जाळ्यातून आलेला ओला, लिबलिबीत बोंबील धुवायचा, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी वलांडीवर, म्हणजे बांबूंना ताणून बांधलेल्या दोरावर टाकून द्यायची. पुढचं काम ऊन आणि वारा करतात. पण घाई झाली की पोटात ओल राहते, आणि ओल राहिलेली एक जुडी अख्खं पोतं नासवते. एके वर्षी मुंबईहून सगळा माल परत आला. प्रत्येक बाईने दुसरीकडे बोट दाखवलं. मग गोदूबाईने एक रीत घालून दिली: जिची जुडी तिने ती आपल्याच जुन्या लुगड्याच्या चिंधीने बांधायची. पाड्यात कोणाचं लुगडं कोणतं हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, त्यामुळे चिंधी दिसली की जुडी कोणाची ते विचारावं लागत नसे. बायकांनी नाकं मुरडली, पण त्यानंतर माल परत आला नाही.

तिचा स्वभाव कळायला आणखी एक हकिगत सांगायला हवी. जवळपासच्या एका बागायतदाराकडे लग्न होतं. मासळीच्या पाट्या घेऊन गेलेल्या पाड्याच्या बायकांना त्याने गोठ्याच्या कडेला बसवलं आणि पाणी मागितलं तर उंचावरून ओंजळीत ओतलं. तहान लागलेली, म्हणून बायका प्यायल्या. घरी येऊन त्यांनी जमातीपुढे गोष्ट काढली. जमातीचा पाटील भिका तांडेल मवाळ माणूस. तो म्हणाला, जाऊ द्या, मोठी माणसं आहेत. गोदूबाई जाऊ देणाऱ्यांतली नव्हती. त्या घराला पाड्याची मासळी बंद, असा ठराव तिने बसल्या बैठकीत करून घेतला.

बागायतदाराच्या घरी तरी मासळी शिजतच राहिली. गोदूबाईने शोध घेतला तेव्हा कळलं की रामाच ती पोचवतोय. डोंगराकडच्या पाड्यावरची ठकी नावाची वारलीण भाजीची पाटी घेऊन त्या घरी जाई, त्या भाजीखाली रामाची पापलेटं असत. ठकीला गोदूबाई काही बोलली नाही. रामाला मात्र तिने जमातीपुढे उभं केलं आणि दंडाचे नारळ भरायला लावले. तिचं म्हणणं एवढंच होतं की पाडा बागायतदाराला जे सांगतोय ते रामाच्या पापलेटांनी रोज खोटं पडतंय. मासळी खरोखर बंद झाल्यावर दोन हंगाम जायच्या आत बागायतदार स्वतः पाड्याच्या देवळात आला, बायकांनी भरून दिलेल्या तांब्यातलं पाणी प्यायला आणि चुकलो म्हणाला. त्या दिवसापासून गोदूबाईचा शब्द आणखी जड झाला. थोडी घमेंडही आली, हे लपवण्यात अर्थ नाही.

पाड्याचा सुका माल घ्यायचा पालघरचा कृष्णकांत शेठ. भाव बरा द्यायचा, वेळेवर द्यायचा, आणि सणासुदीला बायकांची विचारपूस करायचा. माल बोईसर स्टेशनावरून मुंबईला आणि तिथून बोटीने आफ्रिकेत मोंबासाला जातो, एवढं पाड्याला ठाऊक होतं. मोंबासा कुठे आहे हे कोणी विचारलं नव्हतं. मारुती एकदा म्हणाला होता की तिकडचे लोक बरेच बोंबील खातात म्हणायचे, आणि त्यावर सगळे हसले होते.

सहासष्ट सालच्या शिमग्याच्या तोंडावर पाड्यात एक जीप आली. त्या काळात जीप म्हणजे जमीन मोजणाऱ्यांची, असंच किनाऱ्यावरची माणसं धरून चालत. अणुविजेच्या कारखान्याचं काम तिकडे जोरात चाललं होतं, बोईसरला हिंदी बोलणाऱ्या मजुरांच्या चाळी भरल्या होत्या, आणि मोजणी आता कोणाच्या दारापर्यंत येते याचा नेम नव्हता. म्हणून जीप थांबली तेव्हा निम्मा पाडा सुरूच्या बनात पसार झाला. उतरलेले साहेब मात्र जमीन मोजायला आले नव्हते. मुंबईला परदेशी जाणाऱ्या मालाची तपासणी करणाऱ्या कचेरीत ते होते. त्यांनी पिशवीतून बोंबलाच्या चार-पाच जुड्या काढल्या आणि देवळाच्या ओट्यावर ठेवल्या. जुड्या जुनाट झाल्या होत्या, पण चिंध्या जागच्या जागी होत्या. त्यांतली एक हिरवी, लाल काठाची होती.

साहेबांनी भिका तांडेलाला समजावून सांगितलं. आफ्रिकेच्या टोकाला एक देश आहे. तिथलं गोरं सरकार काळ्या माणसांना आणि आपल्या माणसांनाही वेगळं राहायला लावतं, वेगळं बसायला लावतं. म्हणून आपल्या देशाने त्या देशाशी व्यापार बंद केलाय, तो आजचा नाही, स्वराज्य यायच्याही आधीपासून. ह्या जुड्या तिथल्या डर्बन शहराच्या बाजारात सापडल्या. कागदावर माल मोंबासाला संपतो, प्रत्यक्षात तिथून पुढे जातो. शेठ म्हणतो की बोंबील काय, सगळ्या किनाऱ्यावर सुकतो, हा माझा कशावरून. तेव्हा उद्या सकाळी बायकांनी यावं आणि ह्या जुड्या आपल्या आहेत की नाहीत ते सांगावं, बाकी काही नको.

साहेब तारापूरला मुक्कामाला गेले आणि इकडे दिवस मावळायच्या आत जमात बसली. बोलण्यासारखं फार नव्हतं. त्या हंगामाचा जवळजवळ सगळा माल शेठच्या बोईसरच्या गोदामात पडून होता. जुड्या आपल्या म्हटल्या की गोदामाला कुलूप, शेठचा परवाना बंद, आणि पाड्याला दुसरा गिऱ्हाईक नाही. भिका तांडेल म्हणाला, सगळ्यांनी नाही म्हणायचं. कोणाची हरकत आहे का, असं त्याने रीतीप्रमाणे विचारलं. ह्या जमातीत गप्प राहिलेला माणूस होकारात धरतात. वाडवडिलांपासूनची ही पद्धत, आणि तिच्यावर कितीतरी भांडणं मिटलेली आहेत.

गोदूबाई गप्प राहिली. हिरवी चिंधी तिच्याच लुगड्याची होती आणि ते सगळ्यांना कळलं होतं. घरात सून जमना पोटुशी होती, मारुतीच्या होडीला नवं शीड हवं होतं. शिवाय सरकारच्या बंद्या पायलीला पन्नास, त्यांतली आणखी एक, असंही तिच्या मनात आलं. तिला ठाम काही सुचलं नाही, आणि ज्या बाईला आयुष्यभर सगळं ठाम सुचत आलं ती त्या एका संध्याकाळी खाली बघत बसली.

सकाळी साहेबांनी एकेकीला बोलावलं. शेठचा मुनीमही आला होता. तो लांब उभा राहून हातरुमालाने मान पुसत होता. रखमाबाई म्हणाली, आमची नाय. चंद्रकांता म्हणाली, आमची नाय. जमनाही तेच म्हणाली. साहेब प्रत्येक उत्तर लिहून घेत होते आणि त्यांचा चेहरा काही वेगळं ऐकायला मिळेल अशा आशेचा राहिला नव्हता. शेवटी गोदूबाईची पाळी आली. तिने जुडी हातात घेतली, वास घेतला, आणि उत्तर द्यायच्या ऐवजी प्रश्न केला.

"साहेब, हे बोंबील तितं कोन खातं? गोरे?"

साहेब म्हणाले, गोरे नाहीत. उसाच्या मळ्यांत कामाला म्हणून फार पूर्वी आपल्याकडून नेलेली माणसं आहेत, त्यांची मुलंबाळं आहेत, त्यांच्यासाठी तो तिथे विकायला ठेवतात.

"मंग आपल्याच मानसांच्या तोंडचा घास कशाला काढता?"

मुनिमाने मान डोलावली. बायकांमध्येही कुजबुज झाली, कारण प्रश्न सगळ्यांच्याच मनातला होता. साहेबांनी लिहायचं थांबवलं. मग ते म्हणाले, "बाई, ह्या जुड्या आमच्या माणसांनी पकडल्या नाहीत. तिथल्या त्या लोकांनीच धाडल्यात. त्यांचा निरोप असा की बोंबील आम्हाला आवडतो, आमच्या आज्या त्याची आठवण काढत मेल्या. पण तुम्ही आमच्यासाठी बंदी घातलीत म्हणून आम्ही इतकी वर्षं तो खाल्ला नाही. तुमच्या देशाचा माणूस जगाच्या सभेत उभा राहतो, इतर देशांना सांगतो, यांच्याशी व्यापार तोडा. आणि इथलं गोरं सरकार आम्हाला बाजारातला बोंबील दाखवून हसतं. तेव्हा कृपा करून पाठवू नका."

समोर बसलेल्या दिराकडे, रामाकडे, गोदूबाईने एकदा पाहिलं. रामाने मान दुसरीकडे वळवली. त्याला काय आठवलं असेल ते सांगायला नको. समुद्रापलीकडच्या त्या देशात आपण रामा झालो आहोत, आणि तेही नकळत, ही गोष्ट तिच्या जिव्हारी लागली. राग आला तो शेठपेक्षा स्वतःचाच जास्त.

तिने जुडी ओट्यावर ठेवली. "ही माझी हाय," ती म्हणाली. "हिरवी चिंदी माझ्या लुगड्याची. मागल्या हंगामाला किसनकांत शेटला दिली. दुसऱ्या कोनाला मी बोंबील इकत नाय."

साहेबांनी विचारलं, असं सांगितल्याने काय होईल ते ठाऊक आहे ना? ती म्हणाली, ठाऊक आहे. मुनीम तोवर निघून गेला होता. बाकीच्या चिंध्यांबद्दल साहेबांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं की ते त्या त्या बाईला विचारा, मी दुसऱ्याच्या लुगड्याबद्दल बोलत नाही. तिच्या एकटीच्या साक्षीवरच साहेबांनी काम भागवलं. जाताना त्यांनी तिला नमस्कार केला. तिने तो घेतला नाही असं काहीजणी म्हणतात, पण बहुधा तिचं लक्षच नसावं.

पुढे जे व्हायचं ते झालं. गोदामाला कुलूप लागलं. शेठ पुन्हा पाड्यात फिरकला नाही. वलांडीवर तयार झालेला माल बायका बोईसरच्या बाजारात नेऊन मजुरांना मिळेल त्या भावाने विकू लागल्या, आणि तिथे खपेना तो चिकूच्या वाड्यांना खत म्हणून गेला. नीट वाळवलेला, कडक, पांढरा बोंबील झाडाच्या बुंध्याशी पुरताना बघणं सोपं नसतं. रखमाबाई तर बाजारातून परतताना रडली.

शिमग्याची होळी झाली आणि जमात पुन्हा बसली. या वेळी भिका तांडेल मवाळ राहिला नाही. पाड्याचा ठराव मोडला, तोही तोंडावर, तोही परक्या माणसासमोर. गोदूबाईला बोलायला सांगितलं तेव्हा तिने फार वाद घातला नाही. साहेबाला खरं सांगितलं त्याचा पश्चात्ताप नाही, ती म्हणाली. पण आदल्या संध्याकाळी बोलायला हवं होतं, तेव्हा गप्प बसले, तो माझा गुन्हा आहे. भिकाला हे अर्धंच पुरलं. त्याला ती सगळंच चुकले म्हणायला हवी होती. ती म्हणेना. तेव्हा गोदूबाईला पाड्याने बंद केलं. कोणी तिला विस्तव द्यायचा नाही, विहिरीवर येऊ द्यायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिच्या हातचं घ्यायचं नाही आणि तिला द्यायचं नाही. देवळात येऊन चुकले म्हणेपर्यंत.

बंदी तिच्यापुरती होती. पण एका घरात राहिलं तर ती मारुती आणि जमनालाही लागली असती, म्हणून ती स्वतःच बाहेर पडली आणि वलांडीजवळच्या झापाच्या खोपटात राहू लागली. मारुती पोरासारखा रडला आणि मग होडी घेऊन समुद्रावर निघून गेला. पाण्याची सोय तिने डोंगराच्या वाटेवर लावली. ठकीच्या पाड्यावरची विहीर दूर होती, पण वारल्यांनी तिला अडवलं नाही. उन्हं चढायच्या आत हंडा घेऊन निघायची, उन्हं चढल्यावर परत यायची. ज्या बाईने कधी कोणाचा आधार घेतला नाही तिचे गुडघे त्या चालण्याने सुजले. चंद्रकांता आणि दुसऱ्या बायका वलांडीवर काम करत असत, तिच्याकडे बघत नसत, आणि ती त्यांच्याकडे बघत नसे. कधीकधी एखादीच्या जोड्या दोरावर वाकड्या पडलेल्या दिसल्या की तिचे हात शिवशिवत. बोलायचीही बंदी असल्यामुळे तिला ते सांगताही येत नव्हतं. ही शिक्षा तिला पाण्यापेक्षा जड गेली.

एके दिवशी उन्हं कलल्यावर जमना सुरूच्या बनातून आली. डोक्यावर मासळीची पाटी होती, वर जाळ्याचा तुकडा पांघरलेला, आणि खाली पाण्याने भरलेली कळशी. तिला सातवा महिना लागला होता. ती धापा टाकत खोपटात शिरली आणि कळशी उतरून ठेवायला लागली.

"उतरवू नको," गोदूबाई म्हणाली.

जमनाला वाटलं सासूला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "आई, पानी हाय. कोनी बगितलं नाय."

"तेच तर. कोनी बगितलं नाय म्हनून आनलंस."

"मंग काय करू? तुमी रोज डोंगराकडं जाता ते डोल्यांनी बगू?"

गोदूबाईने सुनेकडे पाहिलं. पोर उन्हाने लाल झाली होती. तिला पोटाशी धरावं असं गोदूबाईला फार वाटलं, आणि तिने ते केलं नाही, कारण पोटाशी धरलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"जमने, जमातीनं माझं पानी तोडलं. तुला ते पटतं का?"

"नाय."

"तर मंग जमातीसमोर जा नि नाय म्हन. पटत नसंल ते मोडावं, पर समोरून मोडावं. लपून आनलेलं मी पीत नाय. मी गप बसले त्याचं हे झालं, तू गप बसू नको." तिने कळशी पाटीत नीट बसवली, जाळ्याचा तुकडा मात्र काढून खोपटाच्या कोपऱ्यात टाकला, आणि पाटी सुनेच्या डोक्यावर परत ठेवली.

जमना निघून गेली. गोदूबाई दारात उभी राहून तिला सुरूच्या झाडांत दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. मग आत येऊन बसली. सकाळी आणलेलं पाणी संपलं होतं. आपण फारच कठोर वागलो, पोटुशी बाईला असं माघारी धाडायला नको होतं, हे तिला कळत होतं. ती त्या दिवशी रडली. ऐकायला कोणी नव्हतं म्हणून जरा मोठ्याने रडली.

पुढचे काही दिवस जमना आली नाही. गोदूबाईने समजायचं ते समजून घेतलं. तिला सुनेचा राग नव्हता. पोर भित्री होती आणि पाड्यात तिला अख्खं आयुष्य काढायचं होतं.

मग एका सकाळी, होड्या किनाऱ्याला लागून मासळीचे वाटे पडत असताना, सगळा पाडा वाळूत गोळा झाला होता तेव्हा, जमना विहिरीवरून निघाली. डोक्यावर भरलेला हंडा होता आणि त्यावर काही झाकलेलं नव्हतं. ती देवळासमोरून वाळूत आली. भिका तांडेल वाटे मोजायचा थांबला आणि तिला म्हणाला, कुठे निघालीस. जमनाने थांबून, त्याच्याकडे बघून सांगितलं, "आईला पानी न्यायला निगाले. जमातीनं केलं ते मला पटलं नाय. दंड काय तो सांगा, मी भरीन."

भिकाने दंड सांगितला नाही. बैठक बसल्याशिवाय दंड सांगता येत नाही, असं तो नंतर म्हणत असे. जमना होड्यांच्या, माणसांच्या मधून चालत राहिली. कोणी तिला वाट दिली, कोणी दिली नाही, तिथे ती बाजूने गेली. हंडा हिंदकळून तिचा खांदा भिजला होता. वलांडीवर काम करणाऱ्या बायकांचे हात थांबले. रखमाबाईने हातातली बोंबलाची जोडी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि पुढे होऊन जमनाच्या डोक्यावरचा हंडा उतरून घेतला, कारण तिच्याच्याने आता तो उतरवला जात नव्हता.

गोदूबाई खोपटाच्या दारात उभी होती. तिने ओंजळ पुढे केली. रखमाबाई म्हणाली, तशी नको, आणि तिने तांब्या भरून गोदूबाईच्या हातात दिला.